पावसाळी भटकंती आणि कॅमेरा: 'वेदर सील'वर किती विसंबावं?

घाटवाटेवरचा

मंडळी, जून तोंडावर आलाय आणि दरवर्षीचा प्रश्न पुन्हा उभा राहिलाय. पावसात कॅमेरा न्यायचा की नाही?

माझ्याकडे निकॉन डी५६०० आणि १८-५५ची किट लेन्स आहे. दोन्हींना पाण्यापासून संरक्षण असं काही नाही. त्यामुळे पावसाळाभर कॅमेरा सॅकच्या तळाशी आणि फोटो मोबाइलवर, असं चाललंय. पण नाणेघाटात उलटा धबधबा समोर उडत असतो, कोकणकड्यावर ढग फाटून मिनिटभर खालचं कोकण दिसतं, तेव्हा कॅमेरा पिशवीत बांधलेला असणं आता सहन होत नाही. आपला डोंगर सगळ्यात देखणा दिसतो तो याच चार महिन्यांत. तेव्हाच कॅमेरा बाहेर काढायचा नसेल तर तो घेतला कशासाठी?

मित्र म्हणतात, सरळ सील असलेली बॉडी घे, म्हणजे पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून जोडांवर पट्ट्या बसवलेला कॅमेरा. जुन्या बाजारातला डी७२०० किंवा डी५००, पेन्टॅक्सचा के-७०, नाहीतर ओएम-५. वाचायला बसलो तर लक्षात आलं की बहुतेक कंपन्या धूळ आणि शिंतोड्यांपासून संरक्षण आहे एवढंच लिहितात, मोजमाप देत नाहीत. ओएम-१ आणि ओएम-५ला आयपी५३ (धूळ-पाण्यापासून किती संरक्षण, ते सांगणारा आकडा) असं रीतसर मानांकन आहे, तेही तशाच दर्जाची लेन्स लावली असेल तर. त्यातला ५ धुळीचा, ३ पाण्याचा. आणि पाण्याचा ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरपा येणारा फवारा.

आता मला सांगा, नाणेघाटात पाऊस किती अंशांतून येतो? तिथे तो दरीतून वर येतो! आंबोलीच्या कावळेसादला तेच. डोक्यावर छत्री धरली तर हनुवटी भिजते.

माझं मत असं की ही सीलं वरून पडणाऱ्या पावसासाठी केलेली आहेत, आपल्या घाटमाथ्यावरच्या पावसासाठी नाहीत. पण हे वाचून बनवलेलं मत आहे. ज्यांनी खरोखर भिजत फोटो काढलेत त्यांनी सांगा: नवी बॉडी घ्यावी, की आहे त्याच कॅमेऱ्याला कव्हर घालून भागवावं?

---

चिखलपाणी

कॅमेऱ्यासाठी छोटं इरलं विणून घ्या. आमच्याकडे लावणीला बाया चार तास वाकून उभ्या असतात, पाठ कोरडी. 😀

---

पाऊसवेडी

@घाटवाटेवरचा, खालून येणाऱ्या पावसाचा मुद्दा एकदम बरोबर.

मी आंबोलीला जाते ती रात्री, बेडकांसाठी. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मलबार ग्लायडिंग फ्रॉग पाण्यावरच्या फांदीवर फेसाचं घरटं करत असतो तो नेमका भर पावसात. म्हणजे थांबून चालत नाही. माझी बॉडी सील असलेली आहे, जवळून फोटो काढायच्या मॅक्रो लेन्सच्या माउंटला (ती बॉडीला जोडते तिथे) रबरी कडं आहे, आणि ही जोडी पावसाने कधी अडलेली नाही. अडतो तो फ्लॅश. बहुतेक बाहेरून लावायच्या फ्लॅशना सील नसतं. पोंचोच्या टोपीच्या टोकावरून पाण्याची धार बरोबर फ्लॅशच्या बुडाशी, हॉट शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेवर) पडते. बेडकावर वाकलं की ती धार सुरू. फ्लॅशच्या आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, त्यामुळे ओल्या फ्लॅशशी खेळ नको. मी फ्लॅशला पारदर्शक पिशवी घालते, तोंड खाली करून रबरबँडने आवळते, आणि टोपीऐवजी पुढे लांब कड असलेली कॅप घालते.

सोबतीला ऑलिंपसचा टफ टीजी-६ असतो. १५ मीटर पाण्याखाली चालतो, २.१ मीटरवरून पडलेला सोसतो, लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस करतो. सेन्सर लहान आहे, अंधारात फोटो दाणेदार येतात हे खरं. पण ओढ्याच्या पाण्याला टेकवून टॅडपोलचा फोटो काढायचा तर दुसरं काय नेणार? फक्त बॅटरीच्या झाकणाच्या रबरावर केस किंवा वाळूचा कण अडकलेला नाही ना, हे दर वेळी उजेडात बघायचं. ते रबर दर वर्षी बदलून घ्या असं कंपनीच सांगते.

---

डबलबॅरल

एवढा खटाटोप कशाला? आजचे चांगले मोबाइल आयपी६८ आहेत. पाण्यात बुडवा, काढा, पुसा, पुढे चला. धबधब्याचा व्हिडिओ मोबाइलवर कॅमेऱ्याइतकाच चांगला येतो. ट्रेकला दीड किलोचं ओझं वाहायचं आणि वर त्याची काळजी करायची, मला पटत नाही.

---

पाऊसवेडी

@डबलबॅरल, व्हिडिओपुरतं मान्य. पण ओल्या बोटाने ओल्या काचेवर फोकस करून बघा. थेंब पडला की स्क्रीनला बोट वाटतं आणि फोकस भलतीकडे. आवाजाचं बटण शटरला लावून ठेवलं तर जरा निभावतं. आणि आयपीच्या चाचण्या गोड्या, स्थिर पाण्यात घेतात. तो आकडा बघून मोबाइल घेऊन तारकर्लीच्या समुद्रात उतरू नका.

शिवाय १० मीटरवरच्या फांदीवरच्या मलबार ट्रोगनला मोबाइल काय करणार?

---

कॅमेरा_डॉक्टर

कोल्हापुरात कॅमेरा दुरुस्तीचं काम करतो. जुलै ते ऑक्टोबर टेबलावर पाणी प्यालेले कॅमेरेच जास्त असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण गुण-दोष सगळीकडे सारखे.

पाणी शिरतं कुठून? लोकांना वाटतं लेन्सच्या माउंटमधून. तिथूनही शिरतं, पण मला जास्त सापडतं ते वरून. साध्या बॉडीत पॉपअप फ्लॅशच्या भोवती बारीक फट असते, तिथून पाणी थेट फ्लॅशच्या सर्किटवर. मग हॉट शू, त्याच्या पट्टीखालच्या स्क्रूंच्या भोकांतून. मग डायल. आणि यूएसबीवरची रबरी झडप, जी चार्जिंगनंतर नीट दाबलेलीच नसते. खोलून बघितलं की हॉट शूखालच्या तारांवर हिरवट थर बसलेला दिसतो. तांबं गंजतं तो रंग.

सील असलेल्या बॉडीत या प्रत्येक जोडावर सिलिकॉनची किंवा फोमची पट्टी असते. काम चांगलं असतं, पण ती पट्टी कायमची नाही. वर्षानुवर्षं दाबून चपटी होते, घाम आणि उन्हाने कडक होते. @घाटवाटेवरचा, तुम्ही जुनी बॉडी घ्यायला निघालात म्हणून मुद्दाम सांगतो: तो कॅमेरा आधी कोणी खोललाय का हे विचारा, स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का ते भिंगाने बघा. खोलल्यावर पट्ट्या पुन्हा नीट बसवल्या नसतील तर बॉडीवर काहीही लिहिलेलं असो, संरक्षण गेलं. तिच्या भरवशावर पावसात उभे राहाल आणि नुकसान जास्त होईल.

लेन्सबद्दल. पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स हवा आत ओढते. बाहेर आलेल्या नळीवर पाणी असताना झूम मागे घेतला की ते पाणी आत जातं. म्हणून आधी नळी पुसा, मग झूम फिरवा. ७०-२००सारख्या बऱ्याच लेन्समध्ये झूम आतल्या आत होतो, त्या पावसात बऱ्या. कॅननच्या १६-३५ एफ/२.८ आणि १७-४० या एल लेन्सना तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय सील पूर्णच होत नाही, हे कंपनीच्या माहितीपत्रकात आहे. पण वाचतं कोण.

आणि हे सगळं होऊनही पाणी शिरलंच, तर वॉरंटी बहुधा हात वर करते. सील असलेल्या कॅमेऱ्यालाही.

---

घाटवाटेवरचा

@कॅमेरा_डॉक्टर, दंडवत! स्क्रूंवरचे ओरखडे बघायचं कधीच सुचलं नसतं. वाचनखूण साठवली.

---

अनघा_दापोली

पावसाबद्दल सगळे बोलताय, पण आमच्याकडे पावसात न नेलेले कॅमेरेही खराब होतात. कपाटात ठेवलेले! जुलैत दापोलीला हवेतली आर्द्रता ९०च्या खाली येतच नाही म्हटलं तरी चालेल. गणपतीला लेन्स बाहेर काढावी तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी.

साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की ती धरते. आणि ती नुसती बसून राहत नाही, तिच्यातून आम्ल सुटतं आणि काचेवरचं कोटिंग खातं. लवकर दिसली तर साफ होते, उशीर झाला तर बुरशी जाते आणि तिची नक्षी कायम राहते.

माझा उपाय: हवाबंद झाकणाचा मोठा डबा, तळाला सिलिका जेलच्या पुरचुंड्या, आत आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५०च्या मध्ये ठेवते. फार कोरडंही नको, रबर आणि आतलं वंगण सुकतं. जेलचे नारिंगी दाणे हिरवे झाले की जुन्या कढईत मंद आचेवर रंग परत येईपर्यंत परतायचे. (ती कढई मग स्वयंपाकात नाही.) निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं, घरात लहान मुलं असतील तर नकोच.

---

फिल्मवाले_काका

अनघाताई, आमच्या वेळी स्टुडिओतल्या लेन्सच्या कपाटात झिरोचा बल्ब रात्रंदिवस जळत असायचा. हवा जराशी गरम राहिली की तेवढ्याच बाष्पाची सापेक्ष आर्द्रता उतरते, एवढंच त्यामागचं शास्त्र. आणि कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवायचा नाही, कारण बुरशीचं माहेर तेच.

पावसाचं म्हणाल तर जुने यांत्रिक कॅमेरे सोसायचे. १९८२ साली आलेल्या निकॉन एफएम२मध्ये बॅटरी फक्त लाइट मीटरला. ती गेली तरी शटर १/४००० सेकंदापर्यंत सगळ्या वेगांना चालायचं. आत गंजायला सर्किटच फारसं नाही. पण फिल्मचं जिलेटिन ओलीने फुगायचं, रिवाइंड करताना अडायची, आणि काढलेल्या ट्रान्स्परन्सींना (स्लाइडच्या फिल्मना) दोन पावसाळ्यांत बुरशी.

खरा पाण्याचा कॅमेरा म्हणजे निकोनॉस. फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कूस्तोंच्या पाणबुड्या मंडळींसाठी बनवलेल्या कॅलिप्सो या कॅमेऱ्यावरून निकॉनने १९६३ साली तो आणला. वेगळा डबा नाही, बॉडीच पाणबंद, प्रत्येक जोडाला ओ-रिंग (रबरी कडं), आणि त्या ओ-रिंगना ग्रीस लावायचं काम मालकाचं. २००१पर्यंत बनत होता. आजच्या टफ कॅमेऱ्यांच्या झाकणाचं रबर तपासताना मला त्याचीच आठवण होते.

---

डबलबॅरल

भिजलेला कॅमेरा तांदळात ठेवावा म्हणतात. मोबाइलला तर सगळे हेच करतात.

---

कॅमेरा_डॉक्टर

नको. तांदूळ सिलिका जेलइतकं पाणी ओढत नाही, वर त्याची भुकटी बटणांच्या फटीत आणि माउंटमध्ये जाते. तांदळाचं तूस सेन्सरवरून काढलंय मी.

पाणी गेलंय असं वाटलं तर क्रम असा. पहिल्यांदा कॅमेरा बंद, बॅटरी बाहेर. चालतोय का बघायला एकदाही चालू करायचा नाही. पाण्यापेक्षा ओल्या सर्किटमधून गेलेली वीज जास्त नुकसान करते. बाहेरून कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या, त्यानंतरच झाकणं उघडा, नाहीतर कडेला अडकलेलं पाणी आत जातं. लेन्स काढून पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको, गरम हवेचा झोत पाणी आणखी आत ढकलतो आणि गोंद सैल करतो. मग अनघाताईंचा डबा.

समुद्राचं पाणी असेल तर यातलं काही करत बसू नका. मीठ थांबत नाही. त्याच दिवशी दुरुस्तीला टाका.

---

वैदर्भीय_वाघ

आमच्याकडे पाण्यापेक्षा धुळीचा त्रास हो भाऊ. ताडोब्यात एप्रिल-मे म्हणजे ४५ अंश, आणि पुढच्या जिप्सीच्या मागे उडणारी लाल माती. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असते. आमचा तर नाश्ताच ४०ला होतो!

मी दोन बॉडी ठेवतो, एकावर लांब लेन्स, एकावर आखूड. जंगलात लेन्स बदलायचीच नाही. मांडीवरच्या कॅमेऱ्यावर ओला गमछा नाही, कोरडा जाड टॉवेल, जिप्सी थांबली की टॉवेल काढायचा. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत कोअर (जंगलाचा गाभा) बंद, तेव्हा पावसाचा प्रश्न भोवतीच्या बफरपुरताच. पण धुळीने झूमची रिंग कराकरा वाजायला लागली की मन खट्टू होते. सीलचा मला तरी धुळीत फार उपयोग झाला. पैसे वसूल.

---

भंडारा_उधळ

धूळ काय घेऊन बसलात, जेजुरीला या. हळदीची पूड इतकी बारीक असते की झूमच्या नळीत, व्ह्यूफाइंडरच्या कडेत, बटणांच्या खाली, सगळीकडे पिवळं. ज्ञानोबा माउलींची पालखी जेजुरीला येते तेव्हा भंडारा उधळून स्वागत होतं, आणि दिवस आषाढाच्या तोंडचे. म्हणजे वरून पाऊस, खालून भंडारा, बटणांमध्ये पिठलं.

वारीत मी सरकत्या झूमला हात लावत नाही. ३५ची एक फिक्स लेन्स, पुढे फिल्टर, माउंटच्या जोडावर कागदी चिकटपट्टी फिरवलेली. संध्याकाळी मुक्कामाला आलं की पहिल्यांदा मऊ ब्रशने झटकायचं, मग ब्लोअर. ओल्या कापडाने पुसायला जाऊ नका, हळद फटीत जाऊन घट्ट बसते. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं, तिथे अश्व दौडत जातात तेव्हा चिखल उडतो तो वेगळाच. पण तो फोटो घरी बसून मिळत नाही.

---

चिखलपाणी

फोटो टाका ना इथे! नुसतं वर्णन चालणार नाही.

---

दुबईकर_मी

एक राहिलं. पाऊस नसताना पाणी. आमच्याकडे ऑगस्टमध्ये एसीतून बाहेर पाऊल टाकलं की लेन्सवर क्षणात धुकं, बाहेरूनच नाही, आतूनही. थंड झालेल्या काचेला दमट हवा लागली की दव धरतं. मुंबईहून एसी गाडीने माळशेजला जाऊन दार उघडल्यावर हेच होतं. सील यात काही करू शकत नाही, कारण कॅमेऱ्यात हवा आधीपासून असतेच.

गाडीतून उतरायच्या आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, पिशवीसकट बाहेर काढा, अर्धा तास तसाच ठेवा. दव बसेल ते पिशवीवर. त्यापेक्षा सोपं, शेवटच्या टप्प्यात एसी बंद करून खिडक्या उघडा.

---

घाटवाटेवरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा माझ्या प्रश्नापेक्षा बराच मोठा झाला आणि बरंच झालं.

मूळ प्रश्नावर येतो. कॅमेरे मरतात ते धो धो पावसात कमी, आणि परतल्यावरच्या ओलीत जास्त, असं मला तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यातून दिसतंय. सील असलेली बॉडी घेतली तरी फ्लॅश, लेन्स, डबा, पुसणं यातलं काही चुकत नाही. हे सगळं मी डी५६००वरही करू शकतो. वैदर्भीयभाऊंचं धुळीचं गणित वेगळं, तिथे सील हवंच, हे पटलं.

तेव्हा या पावसाळ्यात नवी बॉडी नाही. हवाबंद डबा आणि हायग्रोमीटर आजच मागवले. वाचलेल्या पैशांतून आंबोलीसाठी जुना टफ बघतो. डी५६००ला कव्हर घालणार, पण बाजारात दोन प्रकार दिसतात, साधं प्लास्टिकचं आणि जाड कापडाचं. खालून येणाऱ्या पावसात कोणतं?

---

पाऊसवेडी

कापडाचं. प्लास्टिक वाऱ्यात फडफडतं आणि लेन्ससमोर येतं. लेन्सकडचं तोंड हूडवर (लेन्सपुढे लावायच्या कड्यावर) आवळायचं, हूडच्या आत नाही. हूड मात्र हवाच, समोरच्या काचेवरचे निम्मे थेंब तोच अडवतो. खालच्या बाजूला हात घालायची बाही असते, तिला मनगटाशी इलॅस्टिक आहे का बघ. नसेल तर शिवून घे, वरून येणारा पाऊस तुला तिथे छळणार नाही पण नाणेघाटातला छळेल.

आणि पहिल्यांदा कॅमेरा घालून नेऊ नकोस. कॅमेऱ्याएवढ्या डब्याला टिश्यूपेपर गुंडाळ, कव्हरमध्ये ठेव, शॉवरखाली धर, मग हँड शॉवरने खालून पाणी मार. टिश्यू कुठे ओला झाला ते बघ.

---

घाटवाटेवरचा

चाचणी झाली. कव्हर मित्राकडून आणलं होतं. वर आणि बाही कोरडी, व्ह्यूफाइंडरच्या भोकाशी टिश्यू चिंब.

---

कॅमेरा_डॉक्टर

तिथलं आयकप (डोळ्याशी येणारं रबर) काढा, कव्हरचं भोक व्ह्यूफाइंडरच्या चौकटीवर बसवा आणि आयकप वरून पुन्हा चढवा, म्हणजे कापड मध्ये दाबलं जाईल. डी५६००चं आयकप वर सरकवलं की निघतं. आणि पॉपअप फ्लॅशच्या फटीवर कागदी चिकटपट्टी लावा, कव्हर असलं तरी.